१८१३ च्या दोन नायिका

माझी भाची बावीस वर्षांची आहे. एम.कॉम. करते. रात्री अकराला तिच्या खोलीतला दिवा मालवतो आणि मोबाईलचा उजेड सुरू होतो. घरातल्यांना वाटतं, पोरगी रील्स बघत बसते. मागच्या रमजानमध्ये सहरीसाठी मी लवकर उठले तेव्हा ती जागीच होती. मला बघून दचकली. म्हणाली, "खाला, अम्मी कू नक्को बोलो."

मी मोबाईल हातात घेतला. ज्यूलिया क्विनची 'द ड्यूक अँड आय' ही कादंबरी होती. 'ब्रिजर्टन' नावाची जी मालिका डिसेंबर २०२० मध्ये जगभर गाजली, तिचं हे मूळ पुस्तक. दोनशे वर्षांपूर्वीचं लंडन, उमराव घराणी, नाचाच्या मैफली, लग्नाच्या वयाच्या मुली, त्यांच्या आया आणि एक देखणा, अहंकारी ड्यूक. पोरीने अशा चाळीसेक कादंबऱ्या वाचून काढल्या होत्या.

ही गोष्ट पुढे घरात कळलीच. तिच्या अब्बांनी जेवताना एकच वाक्य उच्चारलं, "ऐसी किताबों से लड़कियाँ बिगड़तीं."

हे वाक्य मी लहानपणी ऐकलेलं होतं. तेव्हा ते माझ्या अम्मीबद्दल होतं.

अम्मी सिटी चौकाच्या बाजूला असलेल्या एका दुकानातून भाड्याने उर्दू कादंबऱ्या मागवायची. दुकानात ती स्वतः कधी गेली नाही, आम्हा पोरांना चिठ्ठी देऊन पाठवायची. ए. आर. खातून यांची 'शमा', 'अफशां', 'तस्वीर'. रझिया बट. मोठ्या हवेल्या, यतीम मुली, विलायतेहून परतलेले चुलतभाऊ. दुपारी सगळे झोपले की अम्मी 'बहिश्ती जेवर' उघडून बसायची. घरातली मोठी माणसं खूश व्हायची. खरं तर त्या जाड ग्रंथाच्या आत कादंबरी असायची. गंमत अशी की, स्त्रियांनी कोणती पुस्तकं वाचू नयेत याची यादीच 'बहिश्ती जेवर'मध्ये दिलेली आहे.

आजी, आई, भाची. पिढ्या बदलल्या, भाषा बदलली, पण पुस्तक लपवण्याची गरज गेली नाही. म्हणून मी ठरवलं, या कादंबऱ्यांकडे जरा नीट बघायचं. त्या आल्या कुठून? ज्या काळात त्या घडतात त्या काळात आपल्या दख्खनमध्ये काय चाललं होतं? आणि औरंगाबादच्या (कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगरच्या) एका मुस्लिम मुलीला त्यात स्वतःचं असं काय सापडतं?

रीजन्सी म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या आजाराने राज्य करण्याच्या स्थितीत उरला नाही. त्यामुळे ५ फेब्रुवारी १८११ रोजी त्याचा मुलगा 'प्रिन्स रीजंट', म्हणजे राजाचा कारभारी झाला. २९ जानेवारी १८२० ला राजा वारला आणि कारभारी स्वतःच गादीवर आला. मधली ही नऊ वर्षं म्हणजे रीजन्सी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मुतालिकीचा काळ.

या नऊ वर्षांत जेन ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या छापल्या गेल्या. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १८११ मध्ये, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' २८ जानेवारी १८१३ ला. पहिल्या पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. 'एका बाईने लिहिलेली' एवढंच छापलेलं होतं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे सगळे हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले. जुलै १८१७ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती वारली. शेवटच्या दोन कादंबऱ्या तिच्या मृत्यूनंतर निघाल्या.

एक फरक लक्षात ठेवायला हवा. ऑस्टिन ऐतिहासिक कादंबरी लिहीत नव्हती. ती स्वतःच्या काळाबद्दल, स्वतःच्या गल्लीबद्दल लिहीत होती. त्या काळाला 'जुना सुंदर जमाना' बनवलं ते शंभर वर्षांनंतर जॉर्जेट हेयर या लेखिकेने. तिची 'रीजन्सी बक' १९३५ मध्ये आली. कपडे, बग्ग्या, बोलीतले शब्द, लढाया यांचा बारकाईने अभ्यास करून तिने एक अख्खी दुनिया उभी केली. आज माझी भाची मोबाईलवर जे वाचते तो सगळा बाजार हेयरच्या त्या दुनियेवर उभा आहे.

त्याच वेळी आपल्याकडे

आता नकाशा जरा इकडे सरकवू.

रीजन्सी कादंबऱ्यांमधला नायक पुष्कळदा फौजेतून परतलेला असतो. नेपोलियनशी लढलेला, वॉटर्लूची जखम अंगावर असलेला. वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन तर या दुनियेतलं सर्वांत मोठं नाव. हा वेलिंग्टन घडला कुठे? आपल्या अंगणात. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि महिनाअखेरीस तो औरंगाबादेत पोहोचला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, केळणा नदीच्या काठी, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी त्याची लढाई झाली. त्यात दोन्हीकडचे हजारो माणसं पडली. पुढे म्हातारपणी, वॉटर्लू जिंकून झाल्यावरही, आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो असईचंच नाव घेत असे.

आम्ही शाळेत असईची सहल काढली नाही. लंडनच्या ड्रॉइंग रूममधली ती झगमग आणि भोकरदनच्या बाजूची ती काळी माती यांचा काही संबंध असेल, हे आम्हाला कोणी सांगितलंही नाही.

ऑस्टिनच्या पानांतही हिंदुस्थान आहे, पण खिडकीबाहेर. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधला कर्नल ब्रँडन हिंदुस्थानात नोकरी करून आलेला आहे आणि त्याच्या नबाब, मोहरा, पालख्यांच्या गोष्टींची थट्टा होते. 'मॅन्सफिल्ड पार्क'मधल्या एका बाईंना भाचा पूर्वेकडे जावा असं वाटतं, कारण त्याने येताना शाल आणावी. 'नॉर्थँगर ॲबी'मधला नायक आपण अस्सल हिंदुस्थानी मलमल किती स्वस्तात आणली हे मोठ्या ऐटीत सांगतो. ऑस्टिनच्या घरातही हाच धागा होता. तिची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये नवरा शोधायला जहाजाने मद्रासकडे आली होती. आत्याची मुलगी एलायझा कलकत्त्यात जन्मली आणि पुढे जेनचीच भावजय झाली.

हुंड्याला पैसे नसलेली मुलगी लग्नासाठी सात समुद्र ओलांडून येते, ही काही कादंबरी नव्हती. घरातली हकीकत होती.

खैरुन्निसा

माझ्या मते त्या काळाची खरी प्रेमकथा लंडनमध्ये घडलीच नाही. ती हैदराबादेत घडली, म्हणजे औरंगाबाद ज्या निजामी राज्यात होतं त्याच्या राजधानीत.

जेम्स ॲकिलीस कर्कपॅट्रिक हा तिथला इंग्रज रेझिडेंट होता. खैरुन्निसा ही दरबारातल्या एका मोठ्या सय्यद घराण्यातली मुलगी. वय चौदा-पंधराच्या आसपास. तिचं लग्न एका उमराव घरात ठरलेलं होतं. तिने ते मानलं नाही. कर्कपॅट्रिकला तिने पाहिलं होतं आणि तिचं मन तिकडे गेलं होतं. त्याने इस्लाम स्वीकारला आणि १८०० च्या आसपास त्यांचा निकाह झाला. कलकत्त्यात गव्हर्नर जनरलपर्यंत तक्रारी गेल्या, चौकशा झाल्या. दोघांना दोन मुलं झाली, साहिब आलम आणि साहिब बेगम. कोठीत असलेल्या ज्या रेझिडेन्सीत पुढे मुलींचं कॉलेज भरलं, ती इमारत याच कर्कपॅट्रिकने बांधायला घेतली.

१८०५ मध्ये दोन्ही मुलांना शिकायला इंग्लंडला पाठवलं गेलं. एक पाच वर्षांपेक्षा लहान, दुसरी त्याहून लहान. तिकडे त्यांची नावं बदलली, धर्म बदलला. आईने त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला.

खैरुन्निसा तेव्हा विशीतसुद्धा पुरती नव्हती. पुढच्या काळात तिचं नाव कर्कपॅट्रिकचा मदतनीस हेन्री रसेल याच्याशी जोडलं गेलं. मीर आलम दिवाण असेपर्यंत हैदराबादला परतणं तिला शक्य नव्हतं. मछलीपट्टणमला ती वाट बघत राहिली आणि रसेलने मद्रासमध्ये दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं. पुढे हाच रसेल हैदराबादचा रेझिडेंट झाला. कधी? १८११ ते १८२०. अगदी रीजन्सीचीच वर्षं.

सप्टेंबर १८१३ मध्ये खैरुन्निसा हैदराबादेत वारली. वय सत्तावीसच्या आसपास.

१८१३! जानेवारीत लंडनमध्ये एलिझाबेथ बेनेट जन्माला आली, जिला जग अजून विसरलेलं नाही. सप्टेंबरमध्ये हैदराबादेत खैरुन्निसा गेली. तिची कहाणी जगाला नीट कळली ती २००२ मध्ये, विल्यम डॅलरिंपल यांच्या 'व्हाइट मुघल्स'मुळे. मध्ये जवळपास एकशे नव्वद वर्षं गेली.

तिची मुलगी इंग्लंडमध्ये किटी कर्कपॅट्रिक म्हणून वाढली. थॉमस कार्लाइलसारखा लेखक तिच्यावर भाळला आणि आपल्या पुस्तकात तिच्यावरून एक नायिका बेतली. १८४० च्या दशकात किटी रसेल कुटुंबाच्या बर्कशायरमधल्या हवेलीत गेली. तिथे भिंतीवर एक चित्र होतं. हिंदुस्थानी पोशाखातली दोन लहान मुलं. ती आणि तिचा भाऊ. त्यानंतर हैदराबादेत असलेल्या आपल्या म्हाताऱ्या आजीशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. आजी फारसीत मजकूर सांगायची आणि तो भाषांतरित होऊन इंग्लंडला जायचा. नात आणि आजी एकमेकींना पुन्हा भेटल्या नाहीत.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इसपे कोई सीरियल कायकू नै बनाता, खाला?"

मी म्हटलं, "शेवट गोड नाही ना."

आपल्या शहराने जपलेल्या प्रेमकथा

प्रेमकथा हा विलायतेहून आलेला माल आहे, असं आपल्यात अनेकांना वाटतं. औरंगाबादच्या माणसाने तरी असं म्हणू नये.

वली याच शहरातला, जन्म १६६७ चा. उर्दू गझलेला दिल्लीची वाट त्याने दाखवली. सिराज औरंगाबादी याच शहरात जगला आणि १७६० च्या दशकात याच मातीत गेला. त्याने 'बोस्ताने खयाल' ही प्रेमाची आणि विरहाची लांबलचक मसनवी लिहिली. तीत त्याने स्वतःच्याच काळजाची हकीकत सांगितली आहे. सिराज सूफी होता. इश्काची गोष्ट सांगताना त्याला शरम वाटली नाही. आपल्याला वाटू लागली, ती बरीच नंतर.

विसाव्या शतकात या शहराने याहून मोठं काम केलं. मौलवी अब्दुल हक निजामाच्या शिक्षण खात्यात होते. १९१२ मध्ये ते अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि अंजुमनचं दफ्तर औरंगाबादला आलं. १९३८ मध्ये दिल्लीला हलेपर्यंत ते इथेच होतं. १९२१ मध्ये इथून 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू झालं. दख्खनच्या घराघरांत, कुतुबखान्यांत पडलेली जुनी हस्तलिखितं अब्दुल हकांनी शोधून काढली, तपासली, छापली. गोवळकोंड्याच्या वजहीने १६३५ मध्ये लिहिलेलं 'सबरस' त्यांनी १९३२ मध्ये छापलं. हुस्न आणि दिल यांची ती गोष्ट आहे, म्हणजे सौंदर्य आणि हृदय यांचीच प्रेमकथा. उर्दूतल्या पहिल्या साहित्यिक गद्यात तिचं नाव घेतलं जातं.

म्हणजे १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉर्जेट हेयर जुनी प्रेमाची दुनिया नव्याने उभी करत होती, तेव्हा औरंगाबादेत बसून एक मौलवी आपली तीनशे वर्षांपूर्वीची प्रेमकथा वाळवीच्या तोंडातून बाहेर काढत होता. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण दोघांचीही पुस्तकं वाचणाऱ्या बायका होत्याच.

तुळजापूरची तारा

आता सर्वांत नवलाची गोष्ट.

१८२४ च्या अखेरीस सोळा वर्षांचा एक इंग्रज पोरगा औरंगाबादच्या छावणीत निजामाच्या फौजेत दाखल झाला. ही फौज हेन्री रसेलच्याच कारकिर्दीत उभी राहिलेली. पोराचं नाव फिलिप मेडोज टेलर. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला होता, तिथे जमलं नाही म्हणून इकडे आला. पुढे तो हिंदुस्थानी शिकला, फारसी शिकला. हैदराबादच्या सावकार विल्यम पामरच्या मुलीशी त्याने लग्न केलं. या पामरची आई फैज बख्श ही मुघल घराण्याशी नातं सांगणारी बेगम होती आणि खैरुन्निसाची जिवलग मैत्रीण होती. दख्खन तेव्हा एवढंसंच होतं!

१८५३ पासून काही वर्षं टेलरने नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहिला. तुळजापूर तिथून जवळच. १८६३ मध्ये त्याची 'तारा' ही तीन खंडांची इंग्रजी कादंबरी आली. काळ १६५७ चा, शिवाजी महाराज आणि अफजलखान यांचा. नायिका तारा, तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली बालविधवा. नायक फाजल, म्हणजे अफजलखानाचा मुलगा. आणि शेवटी ते दोघे एकत्र येतात.

पुन्हा वाचा. अफजलखानाचा मुलगा नायक आहे. देखणा, सभ्य, बापाच्या सावलीत वाढलेला, प्रेमात प्रामाणिक. शाळेच्या वाचनात मला जो मुसलमान सरदार भेटला तो बहुतेकदा दाढी कुरवाळणारा आणि वाकड्या नजरेचा होता. प्रेम करणं हे त्याचं कामच नव्हतं. पळवून नेणं हे त्याचं काम होतं. टेलरचं इंग्रजी पुस्तक वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की, मराठवाड्याच्या मातीतल्या ऐतिहासिक कादंबरीत आमच्यातल्या कुणाला तरी प्रेम करायची परवानगी मिळाली.

टेलर मराठीलाही अनोळखी नाही. हरि नारायण आपट्यांची 'म्हैसूरचा वाघ' त्याच्याच टिपू सुलतानावरच्या कादंबरीवर आधारलेली आहे. पण मराठी ऐतिहासिक कादंबरीने पुढे जी वाट धरली, त्या वाटेवर फाजलला जागा उरली नाही. आज अशी कादंबरी मराठीत कोणी लिहील का? लिहिलीच तर छापील का? छापलीच तर लेखकाचं काय होईल? उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे.

पण टेलरचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करू नये. 'तारा'मध्ये बाई ओलांडून जाते, पुरुष आपल्या जागी उभा असतो. आपल्या बाजूनेही हेच केलं. लखनौचे अब्दुल हलीम शरर स्कॉटची 'टॅलिस्मन' वाचून संतापले, कारण तीत क्रूसेडच्या काळातले मुसलमान त्यांना विकृत रंगवलेले वाटले. १८८८ मध्ये त्यांनी 'मलिकुल अजीज वर्जिना' लिहून उत्तर दिलं. तीत मुसलमान शहजादा ख्रिस्ती तरुणीचं मन जिंकतो. वाचक खूश झाले. बाजू बदलली, खेळ तोच राहिला. समोरच्याची मुलगी म्हणजे विजयाची निशाणी. अम्मीच्या काळात आमच्या घरातले पुरुष अशा ऐतिहासिक कादंबऱ्या उघडपणे वाचायचे. त्या वाचून कोणी बिघडतं असं कोणी म्हणालं नाही.

मग रीजन्सीत असं काय आहे?

मला जे उत्तर सापडलं ते असं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हिशेब. ऑस्टिनच्या कादंबरीत प्रत्येक पुरुषाचं वार्षिक उत्पन्न पौंडांत सांगितलेलं असतं. पाच मुली असलेल्या घराची मिळकत दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार असते, म्हणून आई कासावीस होते. इंग्लंडमध्ये तेव्हा लग्न झालेल्या बाईची कमाई आणि मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असे. हे बऱ्याच अंशी बदललं १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. आपल्या शरियतमध्ये मुलीला वारसा आहे, मेहेर आहे, स्वतःच्या मालमत्तेवर हक्क आहे. कागदावर आपण त्यांच्या कितीतरी पुढे होतो. प्रत्यक्षात? किती बहिणी भावांकडे हिस्सा मागतात? किती जणींना मेहेर हातात मिळतो? आणि शरियतमध्ये कुठेही नसलेलं जहेज मात्र किती इमानेइतबारे दिलं जातं? म्हणूनच मिसेस बेनेट आमच्या मोहल्ल्यात परकी वाटत नाही. प्रत्येक गल्लीत ती आहे, फक्त बुरख्यात आहे आणि तिच्या पर्समध्ये मुलीचा बायोडाटा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बंधनं. एकांतात भेटायचं नाही, पत्र लिहायचं तर आधी साखरपुडा हवा, बदनामी झाली तर सगळ्या बहिणींची लग्नं अडली. आजच्या लंडनमधल्या मुलीला हे सगळं नाटक वाटत असेल. माझ्या भाचीला हे नाटक नाही. चिलमनीआडून एक नजर म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नकार. एलिझाबेथ बेनेटला दोन मागण्या येतात आणि दोन्ही ती नाकारते. दुसरी तर खुद्द डार्सीची, दहा हजार पौंड वर्षाला असलेल्याची. ऑस्टिनने स्वतः हे केलं होतं. डिसेंबर १८०२ मध्ये एका सधन घरातल्या मुलाला तिने संध्याकाळी होकार दिला आणि रात्र जागून सकाळी मोडला. खैरुन्निसानेही ठरलेलं लग्न मोडलंच होतं. आणि डार्सीला नकारानंतर बदलावं लागतं, हे विसरू नका. या सगळ्या कादंबऱ्यांचा गाभा एवढाच आहे की, बाई नाही म्हणते आणि पुरुष ते ऐकतो.

आपल्याकडे तर हे धर्माचंच आहे. मुलीच्या मर्जीशिवाय निकाह नाही. काझी तिच्याकडे वकील आणि गवाह पाठवतो. पण आपण त्या प्रश्नाला रस्म करून टाकलं. अंगणात दोनशे माणसांची बिर्याणी शिजत असते आणि आत घुंगट घेतलेल्या मुलीला विचारतात, कबूल आहे का? ती मान हलवते किंवा रडते, दोन्हीचा अर्थ हो असाच घेतला जातो. नाही म्हणायची वेळ कधीच टळून गेलेली असते.

तेव्हा 'ऐसी किताबों से लड़कियाँ बिगड़तीं' याचा खरा अर्थ काय? मुली ड्यूकची वाट बघत बसतील, ही भीती नाही. मुलींना इतक्या अक्कलशून्य कोणी समजत नाही. भीती ही आहे की, त्या वेळेत नाही म्हणायला शिकतील.

या कादंबऱ्यांत खोटंही पुष्कळ आहे. त्या हवेल्यांचा पैसा कुठून आला, हे त्या विचारत नाहीत. असईच्या मातीतले मुडदे, हैदराबादच्या खजिन्याची लूट, वेस्ट इंडीजमधले गुलाम यांपैकी बहुतेक काही ड्रॉइंग रूममध्ये येत नाही. 'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या भागात हिंदुस्थानी मुलगी नायिका झाली, हळद लागली, दीदी म्हणून हाका मारल्या गेल्या. बघायला छान वाटलं. पण खऱ्या १८१३ मध्ये अशा मुलीचं काय झालं, ते आपण वर पाहिलं. हे भाचीला ठाऊक असावं असं मला वाटतं. ठाऊक असूनही तिने ती कादंबरी वाचावी असंही वाटतं.

शेवटी एक कबुली

अम्मी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत तळाला 'अफशां'ची एक प्रत सापडली. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी. बहुधा त्या दुकानाचीच, परत न केलेली. ईदनंतर मी ती भाचीला दिली. म्हटलं, घे, ही आपली रीजन्सी. तुझ्या नानीची.

तिने पुस्तक उघडलं, बंद केलं. म्हणाली, "खाला, मेरे कू उर्दू पढ़ना कहाँ आता?"

मी गप्प बसले. तिला इंग्रजी शाळेत आम्हीच घातलं होतं. कुरआन ती अरबीत वाचते, मैत्रिणींशी दख्खनीत बोलते, बाजारात मराठी, परीक्षेत इंग्रजी. नानी ज्या लिपीत लपूनछपून वाचायची ती लिपी मात्र तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही. ज्या शहरात अब्दुल हकांनी कित्येक वर्षं घालवली, त्या शहरातली ही गोष्ट. मराठी ऐतिहासिक कादंबरीत तिला स्वतःसारखी नायिका सापडली नाही, उर्दूतली सापडली असती पण दार बंद. मग ती लंडनला गेली. तिला दोष कसा द्यायचा?

गेल्या महिन्यात तिच्यासाठी एक रिश्ता आला. मुलगा दुबईत, घर चांगलं. तिच्या अब्बांनी पाहुण्यांना सांगितलं, "पहले लड़की से पूछता हूँ, बाद में बोलता." आणि खरंच आत येऊन विचारलं. तिने आठ दिवस मागितले. त्यांनी दिले. कादंबऱ्यांचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

ते आठ दिवस ती रोज रात्री माझ्या खोलीत यायची. मी 'अफशां' मोठ्याने वाचायचे, ती ऐकायची. अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारायची. चौथ्या रात्री तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ये अलिफ है ना?"

दार उघडंच होतं.